चित्राच्या साक्षीवर किती भरवसा? : ‘इलेक्ट्रा : असॅसिन’विषयी



या व्याख्यानमालेत कॉमिकवर बोलायचं ठरलं तेव्हा माझ्याकडे दोन सूचना आल्या. शीर्षक जरा भारदस्त द्या, ही पहिली. दुसरी, रक्तपात बेताचा ठेवा. पहिली मी पाळली आहे. दुसरीचं काही खरं नाही, कारण ज्या पुस्तकाबद्दल बोलणार आहे त्याची नायिका सुपारी घेऊन माणसं मारते, निंजाविद्येत तरबेज आहे आणि पहिल्याच अंकात एका देशाच्या राष्ट्राध्यक्षाला तिने संपवलेलं आहे. पुस्तकाचं नाव ‘इलेक्ट्रा : असॅसिन’. लेखक फ्रँक मिलर, चित्रकार बिल सिंकेविच. 1986-87 मध्ये आठ अंकांत ते अमेरिकेत प्रसिद्ध झालं आणि मग एकत्र ग्रंथरूपात आलं. सुमारे अडीचशे पानांचा ऐवज आहे.

ते साल लक्षात घ्या. 1986 मध्ये मिलरचंच ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ आलं, ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं ‘वॉचमेन’ सुरू झालं, आर्ट स्पीगलमनच्या ‘माउस’चा पहिला खंड निघाला. कॉमिक आता वयात आलं, असे मथळे त्यानंतर अमेरिकी वर्तमानपत्रांत छापून छापून गुळगुळीत झाले. त्या तीन पुस्तकांवर आजवर ढीगभर लिहिलं गेलं आहे, विद्यापीठांतून ती शिकवली जातात. ‘इलेक्ट्रा : असॅसिन’ मात्र बाजूला राहिलं. माझ्या मते चित्रभाषेच्या दृष्टीने त्या साली निघालेलं सगळ्यांत धाडसी पुस्तक हेच. ते बाजूला का राहिलं, याचंही कारण त्याच्या धाडसातच आहे. बाकीच्या तिन्ही पुस्तकांत वाचक चित्रावर विश्वास ठेवू शकतो. पात्रं खोटं बोलतील, पण चौकटीत जे दिसतं ते घडलेलं असतं. इथे तसं नाही. जो बोलत असेल त्याच्या बाजूला चित्र जाऊन बसतं. बोलणारा वेडा असेल तर चित्रही वेडं होतं. तुम्ही तिऱ्हाईत म्हणून ज्याच्याकडे पाहावं असा एकही पंच या पुस्तकात नाही.

हे नीट कळण्यासाठी आधी ही बाई कोण, ते सांगायला हवं.

मार्व्हल कंपनीच्या ‘डेअरडेव्हिल’ मालिकेत ती 1981 च्या सुरुवातीला, 168 व्या अंकात, पहिल्यांदा अवतरली. मिलर त्या मालिकेचा आधी नुसता चित्रकार होता; या अंकापासून लेखनही त्याच्याकडे आलं. डेअरडेव्हिल म्हणजे मॅट मरडॉक, न्यूयॉर्कचा आंधळा वकील, रात्री मुखवटा घालून गुंडांना चोपणारा. इलेक्ट्रा नाचिओस ही त्याची कॉलेजातली प्रेयसी, ग्रीक राजदूताची मुलगी. वडील एका ओलीसनाट्यात तिच्या डोळ्यांदेखत मारले जातात आणि ही मुलगी सगळं सोडून पूर्वेकडे निघून जाते. परत येते ती पैसे घेऊन काम करणारी योद्धा म्हणून. पुढे ती न्यूयॉर्कच्या गुन्हेगारी जगाच्या बादशहाची, किंगपिनची, मारेकरी होते आणि 1982 मध्ये 181 व्या अंकात बुल्सआय नावाचा दुसरा मारेकरी तिच्याच शस्त्राने तिचा जीव घेतो. वाचकांना तो धक्का पचायला फार वेळ लागला. दुय्यम म्हणून आलेलं पात्र सव्वा-दीड वर्षात नायकाला झाकोळून टाकतं आणि मग मारलं जातं, हे तोवर तिथल्या कॉमिकमध्ये सहसा घडत नसे.

तिची घडण कुठून कुठून झाली, तेही पाहण्यासारखं आहे. विल आयस्नरच्या ‘द स्पिरिट’मध्ये सँड सॅरेफ नावाची नायकाची बालमैत्रीण आहे, मोठेपणी गुन्हेगार झालेली. इलेक्ट्रा तिच्यावरून सुचली, हे मिलरने लपवलेलं नाही. शरीराचा नमुना लिसा लायन या शरीरसौष्ठवपटूचा. रॉबर्ट मेपलथॉर्पने जिची छायाचित्रं काढून 1983 मध्ये पुस्तक केलं, तीच ही. आणि नाव ग्रीक नाटकांतलं. बापाच्या खुनाचा सूड मनात धरून बसलेली अॅगमेम्नॉनची मुलगी. पण सोफोक्लीसच्या नाटकात इलेक्ट्रा वाट बघते. भाऊ ओरेस्टीस येतो आणि आईला तो मारतो. तिच्या वाट्याला शोक आणि चिथावणी. मिलरच्या इलेक्ट्राला कुणाच्या येण्याची वाट पाहायची नाही. शस्त्र तिच्याच हातात आहे. अडचण एवढीच की सूड नेमका कुणावर उगवायचा, हे तिला कधी उमगलेलं नाही.

आणि मग निंजा. 1980 च्या आसपास अमेरिकेला निंजांचं वेड लागलं होतं. एरिक व्हॅन लस्टबेडरची ‘द निंजा’ ही कादंबरी 1980 मध्ये आली, ‘एंटर द निंजा’ हा सिनेमा 1981 मध्ये, आणि व्हिडिओच्या दुकानांत काळ्या कपड्यांतल्या माणसांची रांग लागली. जपानच्या इतिहासातला निंजा हा हेर होता. शेतकऱ्याच्या, भिक्षूच्या, फेरीवाल्याच्या वेशात शत्रूच्या मुलखात शिरायचं, बातमी काढायची, शक्यतो कुणाच्या नजरेत न भरता परतायचं. ‘बानसेनशुकाई’ या 1676 च्या ग्रंथात या विद्येचा तपशील आहे, त्यात स्त्रियांना हेरगिरीसाठी आत पेरण्याचाही विचार आहे. लाल वस्त्रं नेसून छपरांवरून उड्या मारणारी बाई त्यात बसत नाही. इलेक्ट्राच्या हातातली साई ही जोडशस्त्रंसुद्धा ओकिनावाच्या परंपरेतली, निंजांची नव्हेत. मिलर जपानी कॉमिकचा मोठा चाहता होता. काझुओ कोइके आणि गोसेकी कोजिमा यांच्या ‘लोन वुल्फ अँड कब’चा प्रभाव त्याच्या ‘रोनिन’वर उघड दिसतो. पण त्याचा जपान हा न्यूयॉर्कच्या टेबलावर बसून रचलेला जपान आहे. त्याबद्दल त्याला फार धारेवर धरावं असं मला वाटत नाही. त्याने इतिहास लिहिण्याचा दावा केलेला नाही. गंमत अशी की त्याच्या निंजांची पहिली झकास थट्टा त्याच्याच वाचकांनी केली. ईस्टमन आणि लेर्ड या दोघांनी 1984 मध्ये ‘टीनएज म्युटंट निंजा टर्टल्स’ काढलं. मिलरच्या खुनी निंजा पंथाचं नाव ‘द हँड’, तर कासवांच्या शत्रूंचं ‘द फूट’. मिलरचा आंधळा गुरू ‘स्टिक’, तर कासवांचा गुरू ‘स्प्लिंटर’ नावाचा उंदीर. आज लोकांना कासवं आठवतात आणि थट्टा कुणाची होती ते आठवत नाही.

आता सिंकेविच. जन्म 1958, पेनसिल्व्हेनिया. मिलर त्याच्यापेक्षा वर्षाने मोठा. म्हणजे हे पुस्तक करताना दोघंही तिशीच्या आतले. सिंकेविचने सुरुवात केली ती नील ॲडम्सच्या शैलीची हुबेहूब नक्कल करत. ‘मून नाइट’ मालिकेत त्याला लोक छोटा ॲडम्सच म्हणायचे. ‘मून नाइट’ करता करता ती साल गळू लागली आणि 1984 मध्ये ‘न्यू म्युटंट्स’ हाती घेतल्यावर स्फोट झाला. क्लिम्ट आणि शीलं यांची रेषा, राल्फ स्टेडमनचे शाईचे शिंतोडे, बॉब पीकची सिनेमाची पोस्टरं, हे सगळं त्याने सुपरहिरोंच्या मासिकात आणून ओतलं. नियमित वाचक चिडले. संपादकांना संतापाची पत्रं आली. काही पोरांनी मात्र ते अंक जपून ठेवले आणि पुढे स्वतः चित्रकार झाली.

इथे थोडं छपाईबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय या प्रयोगाचं मोल कळत नाही. अमेरिकी मासिक कॉमिक तेव्हा साखळीपद्धतीने बनायचं. एकाने पेन्सिलीने काढायचं, दुसऱ्याने शाई फिरवायची, तिसऱ्याने अक्षरं लिहायची, चौथ्याने रंगांचा नमुना द्यायचा. त्या नमुन्यावरून छपाईचे थर आणखी कुणी तयार करायचं आणि सगळं स्वस्त वर्तमानपत्री कागदावर छापायचं. लाल म्हणजे एकच लाल, सपाट. त्यावर 1954 पासून ‘कॉमिक्स कोड’ची करडी नजर. कोडाचा शिक्का नसेल तर पेपर-स्टॉलवर अंक जाणं कठीण. 1980 च्या सुमारास फक्त कॉमिक विकणारी दुकानं वाढली, ती न विकलेला माल परत न करण्याच्या बोलीवर अंक घेऊ लागली, आणि शिक्क्याची गरज उरली नाही. मार्व्हलने आर्ची गुडविनच्या हाताखाली ‘एपिक’ हा विभाग काढला तो या बाजारासाठी. चांगला कागद, चित्रातला प्रत्येक ओघळ टिपणारी छपाई, कोड नाही. ‘इलेक्ट्रा : असॅसिन’ एपिकखाली निघालं. म्हणजे सिंकेविचला जलरंग, तैलरंग, झेरॉक्स, कात्रणं, रंगीत खडू, हाताला लागेल ते वापरून पान सजवता आलं आणि ते जवळपास तसंच वाचकाच्या हाती पडलं.

आणि एक गोष्ट, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. मिलरने आधी संहिता लिहिली. सिंकेविचने ती घेतली आणि चित्रं करताना वाटेल तशी वळवली. रंगवलेली पानं मिलरकडे परत गेली, आणि ती पाहून त्याने मजकूर नव्याने लिहिला. आपल्याकडे दिवाळी अंकात कथा आधी येते आणि चित्रकार तिला साजेसं एक चित्र काढून देतो. चित्राचा मान कितीही असला तरी शेवटचा शब्द लेखकाचा. इथेही शेवटचा शब्द लेखकाचाच, पण तो चित्राला दिलेलं उत्तर म्हणून लिहिलेला. त्यामुळे पानोपानी लेखक आणि चित्रकार एकमेकांना चिमटे काढताहेत असं वाटत राहतं. मजकूर फुशारकी मारतो, चित्र त्याचं माप काढतं. किंवा उलट, चित्र इतकं बेफाम सुटतं की मजकूर मुद्दाम कोरडा, सरकारी अहवालासारखा होतो.

पहिला अंक उघडा. इलेक्ट्रा दक्षिण अमेरिकेतल्या सॅन कॉन्सेप्सिऑन नावाच्या काल्पनिक देशात वेड्यांच्या इस्पितळात आहे. तिला स्वतःबद्दल फार थोडं आठवतं, आणि जे आठवतं ते तुटक. समुद्रकिनारा. आई. आईला गोळी लागते आणि त्या मरणातूनच हिचा जन्म. वडील. मजकूर धड वाक्यं पूर्ण करत नाही. चित्रं कशी आहेत? लहान मुलीने खडूने काढावीत तशी. घर, सूर्य, काड्यांसारखे हातपाय असलेली माणसं. पान उलटलं की तोच प्रसंग मोठ्यांच्या चित्रकलेत, आणि त्यापुढे पुन्हा कुठल्याशा धूसर डागात. वडिलांविषयी तिला एक भयंकर आठवण आहे. डॉक्टरांनी तिला पटवलेलं आहे की ती कल्पना आहे, घडलेलं नाही. पुस्तक याचा निवाडा कधीच करत नाही. दुसऱ्या कुठल्याही कॉमिकमध्ये चित्रकाराला बाजू घ्यावी लागली असती, कारण भूतकाळ दाखवायचा म्हणजे तो काढायचा आणि काढला की तो खरा वाटतो. सिंकेविच तो मुलीच्या खडूने काढतो. मुलीचं चित्र पुरावा म्हणून घ्यायचं की नाही, हा प्रश्न तो जसाच्या तसा आपल्या अंगावर टाकतो. अडीचशे पानांत शैली आणि अर्थ इतके एकजीव झालेली दुसरी जागा मला सापडत नाही.

गोष्ट पुढे वेगाने पळते, मीही तशीच सांगतो. ‘हँड’ हा पंथ ‘बीस्ट’ नावाच्या राक्षसी शक्तीचा उपासक आहे. तिचं दूध पाजलं की माणूस तिच्या अंमलाखाली जातो. हा बीस्ट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवारात शिरला आहे आणि तो निवडून आला तर अण्वस्त्रांचं बटण दाबणार आहे. हे ठाऊक आहे एकट्या इलेक्ट्राला, आणि ती वेड्यांच्या इस्पितळातून पळालेली खुनी आहे. तिच्या मागावर ‘शील्ड’ या गुप्तचर संस्थेचा हस्तक जॉन गॅरेट. अर्धाअधिक उडालेला आणि यंत्रं बसवून पुन्हा उभा केलेला गडी, दारूडा, बायकांच्या मागे लागणारा, कामापुरता हुशार. इलेक्ट्रा त्याच्या मनात शिरते आणि हळूहळू तो तिचा होतो. त्या दोघांच्या मागावर चॅस्टिटी मॅकब्राइड ही शील्डचीच दुसरी अधिकारी.

तो उमेदवार केन विंड. उदारमतवादी, तरुण, केनेडी घराण्याची आठवण करून देणारं हास्य. सिंकेविचने त्याचा चेहरा एकदाच केला आणि त्याची झेरॉक्स प्रत जागोजागी चिकटवली. तो भाषण करतो तेव्हा तोच चेहरा, संतापतो तेव्हा तोच, जिवावर बेततं तेव्हाही तोच. आजूबाजूचं सगळं रंगांत वितळतंय, माणसांचे हात वाकडेतिकडे होताहेत, आणि मधोमध हे छापील हसू ढिम्म. मला हे फार विनोदी वाटतं आणि तितकंच भीतिदायकही. कॉमिकचित्रकाराचं सगळं कसब चेहऱ्यावरचे भाव बदलण्यात असतं. इथे त्याने ते कसबच एका माणसाला नाकारलं. रेगन यांच्या कारकिर्दीचा तो उत्तरार्ध. सोव्हिएत संघाशी अण्वस्त्रांची चढाओढ चालू होती, आणि मध्य अमेरिकेत कुणाला गुपचूप शस्त्रं पुरवली याची लफडी 1986 च्या अखेरीस बाहेर येत होती. मिलर तेव्हा डाव्यांनाही सोडत नाही, उजव्यांनाही नाही. पुढच्या काळात त्याची राजकीय मतं बरीच एककल्ली झाली, पण या पुस्तकात तो सगळ्यांनाच एका सुराने हसतो.

आता तक्रारीकडे येतो. पहिल्या अंकानंतर इलेक्ट्राचा आवाज हळूहळू बंद पडतो. कथन गॅरेटकडे जातं. सरकारी टिपणं, चौकशीचे जबाब, वरिष्ठांची पत्रं हेही मधे मधे येतात. म्हणजे ज्या बाईचं नाव मुखपृष्ठावर आहे ती तिच्यावर भाळलेल्या एका पुरुषाच्या डोळ्यांतून आपल्याला दिसू लागते. आणि तो बघतो कसा, हे वेगळं सांगायला नको. पानोपानी देह, मांड्या, ओठ. यावर बचाव असा करता येतो, आणि केला जातो, की चित्र बोलणाऱ्याची बाजू घेतं हाच तर या पुस्तकाचा नियम. गॅरेट लंपट आहे म्हणून चित्र लंपट आहे. बचाव तर्काला धरून आहे. मला तो निम्माच पटतो. गॅरेट जिथे नाही, जिथे चॅस्टिटी एकटी आहे, तिथेही रेषा तशीच रेंगाळते. नियम पाळायचा तर चित्रकाराने तिथे नजर बदलायला हवी होती. ती बदलली नाही, कारण ती नजर गॅरेटची कमी आणि 1986 च्या कॉमिक-दुकानातल्या गिऱ्हाइकाची जास्त होती, आणि ते गिऱ्हाईक कोण होतं हे कंपनीला चांगलं ठाऊक होतं.

आणि तरीही, गॅरेटचा हा ताबा कथेने फुकट घालवलेला नाही. इलेक्ट्रा त्याच्या मनात आहे, हे विसरू नका. त्याची नजर त्याची वाटते, पण तिला दिशा ती देते. तो स्वतःहून काही ठरवतोय असं म्हणेपर्यंत तिने ते आधीच ठरवलेलं असतं. दुसऱ्या वाचनात माझ्या लक्षात आलं की गॅरेटच्या तोंडची कितीतरी वाक्यं गॅरेटच्या अकलेबाहेरची आहेत. ती कुणाची? पुस्तक सांगत नाही. आपल्याला शांत वाटलेली बाई प्रत्यक्षात निवेदकाच्या जिभेवर बसलेली असेल, तर माझ्या तक्रारीचा अर्धा भाग मागे घ्यावा लागेल. मजकूर चित्रांनंतर लिहिला गेला असल्याने मिलरला अशी लबाडी करणं सोपं होतं, इतकंच म्हणतो.

या पुस्तकाचा वंश पुढे वाढला, पण सरळ रेषेत नाही. डेव्ह मॅकीनच्या 1989 च्या ‘अर्कम असायलम’मध्ये कोलाज आणि छायाचित्रांची ही वाट पुढे गेलेली दिसते. स्वतः सिंकेविचने ‘स्ट्रे टोस्टर्स’ एकट्याने लिहून-रंगवून काढलं, ते याहूनही दुर्बोध आहे. ॲलन मूरबरोबर 1990 मध्ये सुरू केलेलं ‘बिग नंबर्स’ दोन अंकांत थांबलं. रंगवलेली कॉमिकं नंतर खूप निघाली, पण बाजाराने उचलला तो ॲलेक्स रॉसचा मार्ग. 1994 च्या ‘मार्व्हल्स’मध्ये रंग वापरले गेले ते सुपरहिरो अगदी खराखुरा दिसावा म्हणून. म्हणजे चित्रावर पुन्हा विश्वास ठेवायला लावण्यासाठी. इलेक्ट्राचं म्हणाल तर मिलर 1990 मध्ये ‘इलेक्ट्रा लिव्ह्ज अगेन’ घेऊन तिच्याकडे परत आला. त्यानंतर ती कंपनीच्या हातात गेली, अनेकांनी तिला अनेकदा जिवंत केलं, 2005 मध्ये जेनिफर गार्नर हिला घेऊन एक बेतासबात सिनेमाही निघाला. त्यात वेड नव्हतं, त्यामुळे बाकी काही असून उपयोग नव्हता.

शेवट सांगितला तर चालेल का, असं मी संयोजकांना विचारलं होतं. चाळीस वर्षं जुनं पुस्तक आहे, सांगा, म्हणाले. इलेक्ट्रा केन विंडला मारत नाही. ती गॅरेटचं मन काढून विंडच्या शरीरात घालते. निवडणूक विंडच्या नावाने जिंकली जाते आणि व्हाइट हाउसमध्ये, त्या झेरॉक्स हसऱ्या चेहऱ्याआड, एक दारूडा गुप्तहेर राष्ट्राध्यक्ष म्हणून बसतो. अण्वस्त्रांची किल्ली त्याच्या हातात. हे सगळं आपल्याला सांगतो तोच, मोठ्या खुशीत. बीस्ट खरोखर होता का, की इस्पितळातून पळालेल्या एका बाईने आपला भ्रम एका कमकुवत माणसाच्या डोक्यात उतरवला आणि त्याच्याकरवी निवडणूक पळवली, हे ठरवायला आपल्याकडे त्याच्या शब्दाखेरीज काही नाही. आणि तो शब्द त्याचा आहे का, हेही नाही.

आता पडद्यावर पहिल्या अंकातली खडूची पानं आणि विंडच्या भाषणाची पानं दाखवतो. ती पाहून झाली की प्रश्न विचारा. ज्यांना गॅरेटच्या वाक्यांबद्दलचं माझं म्हणणं पटलं नाही त्यांनी आधी हात वर करावा.